आजोबांची शुगर आणि बोक्याची शुगर

सातारा-सांगलीकडच्या घरांत फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात, लिंबं आणि लोणच्याच्या बरणीशेजारी, इन्सुलिनची बाटली दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. आजोबांना दोन वेळा टोचायचं असतं, ते काम सुनेच्या नाहीतर नातवाच्या हाताला बसलेलं असतं, शुगर मोजायचं मशीन टीव्हीखालच्या खणात असतं. अशा घरातल्या बोक्याला मधुमेह झाल्याचं जनावरांचे डॉक्टर सांगतात, तेव्हा पहिला धक्का ओसरला की माणसं फारशी घाबरत नाहीत. सुई आहे, मशीन आहे, इन्सुलिनही आहे. आपल्याला यात काय नवीन?

बरंचसं नवीन नाही, हे खरंच आहे. मधुमेह म्हणजे काय हे ज्या घराला शून्यापासून समजावून सांगावं लागतं, त्यापेक्षा हे घर दहा पावलं पुढे असतं. पण जे थोडं नवीन आहे तेच मांजराच्या जिवावर बेततं. मधुमेही मांजराला साखर जास्त राहिल्याने जेवढा तातडीचा धोका असतो, त्याहून मोठा धोका साखर एकाएकी उतरल्याने असतो. आणि ती उतरवण्याची चूक बहुतेकदा आजोबांचे आकडे, आजोबांची सिरींज आणि आजोबांचे नियम बोक्याला लावल्यामुळे होते. म्हणून घरातलं कोणतं ज्ञान बोक्याला चालतं आणि कोणतं बाजूला ठेवायचं, याची निवड आधी करायला हवी. डोस ठरवणं आणि बदलणं हे अर्थातच डॉक्टरांचं काम. पण दिवसातले चोवीस तास मांजर डॉक्टरांकडे नसतं, तुमच्याकडे असतं.

सुरुवात बहुधा पाण्यापासून होते. पाण्याची वाटी सारखी रिकामी होते. वाळूच्या ट्रेमधले ओले गोळे मोठे होतात. मांजर कुंडीत किंवा परसातल्या मातीत जात असेल तर तिथे मुंग्या लागतात. मुंग्यांची ही खूण आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या ग्रंथांनी माणसांच्या बाबतीत फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे, मांजराच्या लघवीलाही ती तशीच लागू पडते. शंका आली तर एक दिवस पाणी मापाने भरावं आणि उरलेलं मोजावं. दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी, म्हणजे चार किलोच्या मांजराने ४०० मिलीच्या वर पाणी पिणं, हे निश्चित दाखवण्यासारखं लक्षण आहे. सोबत भूक वाढलेली आणि वजन उतरलेलं. पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागतात. काही मांजरं मागचे पाय चवड्यावर न टाकता टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. साखरेने नसा दुखावल्याची ती खूण. पायात काही लचकलं असेल म्हणून लोक मालीश करत बसतात आणि दोन महिने जातात.

"पण डॉक्टर, आम्ही हिला गोड कधी देतच नाही," हे वाक्य मग हमखास येतं. साताऱ्यात तर कंदी पेढ्याच्या डब्याकडे बोट दाखवून. यात गंमत अशी, की मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव ज्या दोन जनुकांच्या जोडीवर अवलंबून असते, त्यांतलं एक मांजरकुळात निकामी झालेलं आहे. वाघ आणि चित्त्यातही. २००५ मध्ये हे सिद्ध झालं. मांजराने पेढा चाटला तर तो दुधातुपासाठी. तेव्हा दोष गोडाचा नसतो. वाढलेलं वय, वाढलेलं वजन, दिवसभर घरात पडून राहणं यांचा असतो. मादीपेक्षा बोक्यांना, त्यातही नसबंदी झालेल्यांना हा आजार जास्त होतो (म्हणून नसबंदी टाळू नये, नसबंदीनंतर वाटी आवरावी). काही वेळा कारण औषधात असतं: खाज कमी व्हावी म्हणून दिलेलं, महिनाभर अंगात राहणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन, किंवा भाटी माजावर येऊ नये म्हणून दिलेली प्रोजेस्टिनसारखी हार्मोन्स.

कुत्र्याला मधुमेह होतो तो बहुधा लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहासारखा, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच गेलेल्या. मांजराचं तसं नाही. त्याचा मधुमेह आजोबांच्या जातीचा. इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि जास्तीचं काम करून स्वादुपिंडातल्या पेशी थकत जातात. हे साम्य वरवरचं नाही. मधुमेही माणसाच्या स्वादुपिंडात एका चिवट प्रथिनाचे थर साचलेले दिसतात. १९८७ मध्ये पर वेस्टरमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन कोणतं हे शोधलं. त्यासाठी त्यांनी एका बाजूला माणसाच्या स्वादुपिंडाची गाठ घेतली होती आणि दुसऱ्या बाजूला मधुमेही मांजराचं स्वादुपिंड. दोन्हीकडे एकाच जातीचं प्रथिन निघालं. आपल्या टाइप-टू मधुमेहाबद्दल आज जे कळलं आहे, त्यात मांजराचाही वाटा आहे.

आता पहिला फरक. आजोबांची शुगर लॅबमध्ये ३०० आली तर निदान जवळजवळ झालंच. मांजराचं तेवढ्यावर होत नाही. घाबरलेल्या मांजराची साखर, आजार काहीही नसताना, ३०० च्या घरात जाऊ शकते. जतहून मिरजेपर्यंत पिशवीत घालून एसटीने आणलेलं, दवाखान्यात शेजारी भुंकणारा कुत्रा पाहिलेलं मांजर म्हणजे घाबरलेलंच मांजर. म्हणून लघवीत साखर आहे का आणि फ्रुक्टोसामाइन किती आहे हे पाहतात. फ्रुक्टोसामाइन ही मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी, त्या दिवसाच्या भीतीने ती बदलत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जनावरांच्या डॉक्टरांचा बहुतेक दिवस गाई-म्हशींमागे जातो. मांजराचा मधुमेह त्यांच्यापुढे रोज येत नाही. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर सातारा जिल्ह्यातच, शिरवळला, १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रच्या माणसाचं. दोन्ही जिल्ह्यांचा त्यावर सारखाच हक्क म्हणायचा.

दुसरा फरक सिरींजचा. तो नीट समजून घेतल्याशिवाय घरात सुई उचलू नये.

आपल्याकडे मेडिकलमध्ये इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. माणसांसाठीच्या बऱ्याच बाटल्या ४० च्या असतात, म्हणजे एक मिलीत ४० युनिट. ग्लार्जिनसारखी लांब पल्ल्याची इन्सुलिनं, तशीच पेनमधली काडतुसं, १०० ची असतात: एक मिलीत १०० युनिट. सिरींजही दोन. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची, १०० च्या बाटलीसाठी केशरी टोपणाची. खुणा दोन्हींवर युनिटच्याच, पण एका खुणेत मावणारं पाणी वेगळं. लाल सिरींजवर एक खूण म्हणजे ०.०२५ मिली, केशरीवर ०.०१ मिली.

समजा डॉक्टरांनी बोक्याला ग्लार्जिन २ युनिट सांगितलं. बाटली १०० ची. घरात आजोबांच्या लाल टोपणाच्या सिरींजचं पाकीट पडलेलं आहे, म्हणून त्यातली एक काढून दोनच्या खुणेपर्यंत भरली. भरलं गेलं ०.०५ मिली, आणि १०० च्या बाटलीतलं ०.०५ मिली म्हणजे ५ युनिट. अडीच पट. पाहणाऱ्याला काहीच चुकलेलं दिसत नाही, खूण दोनचीच आहे. उलट केलं, म्हणजे ४० च्या बाटलीतलं औषध केशरी सिरींजने दोनच्या खुणेपर्यंत घेतलं, तर मांजराला जेमतेम ०.८ युनिट मिळतं आणि "इन्सुलिन लागूच पडत नाही" अशी तक्रार सुरू होते. त्यावर डोस वाढवला जातो, आणि महिन्याने कुणीतरी योग्य सिरींज आणली की तो वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण अंगात जातो.

मेडिकलवाला विचारतो, "चाळीसची देऊ का शंभरची?" या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. बाटली दाखवायची. आजोबांच्या आणि बोक्याच्या सिरींजा एका खणात ठेवायच्या नाहीत. बोक्याची बाटली १०० ची असेल तर जमल्यास ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली केशरी सिरींज घ्यावी. नेहमीच्या दुकानात ती नसेल तर सांगून मागवून ठेवावी. हा हट्ट कशासाठी, ते आकड्यांवरून कळेल. आजोबा २० युनिट घेतात. हात हलून २१ झाले तर त्यांना कळणारही नाही. मांजराची सुरुवात बहुधा एका युनिटने होते, थोराड मांजर असलं तर फार तर दोनने, दर बारा तासांनी. इथे एका खुणेची चूक म्हणजे दुप्पट डोस.

आजोबांची बाटली बोक्याला चालेल का, हा प्रश्नही यातच मिटतो. आजोबांचं इन्सुलिन पुष्कळदा ३०-७० चं मिश्रण असतं. त्यातला एक भाग झटकन काम करणारा असतो, तो मांजराची साखर एकदम पाडतो, आणि उरलेला भाग मांजरात बारा तास पुरत नाही. मांजराला संथ, लांबणारं औषध लागतं. ग्लार्जिनची युक्ती अशी, की बाटलीत ते आम्लधर्मी आणि पाण्यासारखं स्वच्छ असतं. कातडीखाली गेलं की तिथल्या वेगळ्या वातावरणात त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात. म्हणूनच ते पाणी घालून पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. स्वच्छ औषध गढूळ दिसलं तर बाटली टाकून द्यायची.

टोचणं हे या सगळ्यात सोपं. मांजराची कातडी सैल असते. पाठीच्या बाजूला किंवा कुशीवर चिमटीने तंबू उभा करायचा, सुई तंबूच्या पायथ्याशी घालायची, दांडा दाबायचा. सुई इतकी बारीक असते की खाण्यात गुंतलेलं मांजर मानही वळवत नाही. जागा रोज थोडी बदलावी. गोंधळ होतो तो केसांचा: सुई कातडीच्या दोन्ही बाजूंनी आरपार जाते आणि औषध केसांवर सांडतं. हाताला ओलं लागतं, औषधाचा वास येतो. किती आत गेलं, किती बाहेर, सांगता येत नाही. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. पुढचा डोस पुढच्या वेळेलाच. एक डोस हुकल्याने मांजर त्या दिवशी जास्त पाणी पिईल, एवढंच. दोनदा गेलेल्या डोसने ते दगावू शकतं. याच कारणाने घरात एका माणसाकडे हे काम असावं, आणि दोघांकडे असेलच तर फ्रिजवर कागद लावून टोचल्याबरोबर खूण करावी. "तू दिलंस का?" "मला वाटलं तुम्ही दिलंत," हा संवाद दोन्ही बाजूंनी महागात पडतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात, कचऱ्यात सुट्या टाकू नयेत. घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताचा विचार आपणच करायचा असतो.

आता आकडे. इथले आकडे आपल्या मशीनवर दिसतात तेच, १०० मिली रक्तातले मिलिग्रॅम. आजोबांना डॉक्टर उपाशीपोटी १०० च्या आसपास राहायला सांगतात, आणि घराला त्याच आकड्याची ओढ असते. बोक्यासाठी ती ओढ सोडावी लागते. माणसाच्या मूत्रपिंडातून साखर साधारण १८० च्या वर गळायला लागते, मांजराच्या २५० ते २९० च्या दरम्यान. त्याखाली साखर राहिली की तहान उतरते, लघवी कमी होते, वजन परत चढतं. इन्सुलिनचा जोर सर्वांत जास्त असतो त्या वेळी, टोचल्यावर साधारण चार ते आठ तासांनी, साखर ८० ते १५० मध्ये यावी आणि बाकीच्या वेळी २००-२५० दिसली तरी चालावं, असा हिशेब असतो. टोचण्याआधी सकाळी २८० आली म्हणून त्या दिवशी अर्धा युनिट जास्त, संध्याकाळी १६० आली म्हणून कमी, असा रोजचा पाठलाग करणारं घर मांजराला झोपाळ्यावर बसवतं. एका डोसवर किमान पाच-सात दिवस स्थिर राहून मग डॉक्टरांशी बोलायचं. अपवाद एकच: आकडा खाली घसरला तर त्याच दिवशी फोन.

घरी मोजणं जमलं तर मात्र जरूर मोजावं. दवाखान्यातल्या भीतीचा आकडा आणि घरच्या खिडकीत पेंगणाऱ्या मांजराचा आकडा यांत शंभराचा फरक असू शकतो, आणि भीतीच्या आकड्यावर डोस वाढवला गेला तर तो घरी भोवतो. रक्त कानाच्या कडेवरून घेतात. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस कानाला मिनिटभर धरायचा, कडेवर व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवायचं म्हणजे थेंब केसांत पसरत नाही. कानामागे दुमडलेला कापूस धरून कडेची बारीक शीर आणि काठ यांच्या मध्ये टोचायचं. थेंब मोहरीएवढा पुरतो. पहिले काही दिवस मांजर पळेल आणि पट्ट्या वाया जातील. टोचून झाल्यावर उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो हे कळलं की बरीच मांजरं आपणहून येऊन बसतात.

आजोबांचं मशीन बोक्याला वापरता येतं, पण ते खरं सांगत नाही. साखर रक्तातल्या पाण्यात आणि तांबड्या पेशींत वाटलेली असते. माणसात ही वाटणी साधारण ५८ आणि ४२ टक्के, मांजरात ९३ आणि ७. मशीन माणसाच्या वाटणीवर बेतलेलं असल्याने मांजराची साखर असते त्यापेक्षा कमी दाखवतं. चूक आहे, पण सावधपणाच्या बाजूची आहे. मशीन एकच ठेवावं, मध्येच बदलू नये, आणि डॉक्टरांना आकडा सांगताना माणसाचं मशीन आहे हेही सांगावं. हल्ली माणसांच्या दंडावर लावतात तो चौदा दिवसांचा सेन्सर मांजराच्या पाठीवर केस काढून लावतात. महाग आहे, काही मांजरं तो दोन दिवसांत ओरबाडून काढतात, पण टिकला तर पूर्ण दिवसाचा आलेख न टोचता मिळतो.

खाण्याच्या बाबतीत आजोबांचं ज्ञान जवळपास उलटं करावं लागतं. आजोबांना भाकरी, भाजी, कडधान्य. मांजराला पीठच नको. ते पूर्ण मांसाहारी प्राणी आहे; पिठातून आलेली साखर झटपट उचलून ठेवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात दुबळी असते. आपल्याकडे मांजराचं जेवण म्हणजे दूधभात, दूधचपाती, क्वचित सुकट. शहरी घरांत त्याची जागा पाकिटातल्या कोरड्या दाण्यांनी घेतली, पण बऱ्याच दाण्यांतही एक तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा पिठातूनच येते. मधुमेही मांजराला हा वाटा शक्यतो १२ टक्क्यांच्या आत हवा. मांस-मासळीचं ओलं कॅटफूड, घट्ट रश्शाचं न घेता पॅटे किंवा जेलीचं, हा सोपा मार्ग. घरी करायचं तर नुसतं उकडलेलं चिकन दीर्घकाळ पुरत नाही. टॉरिन, कॅल्शियम वगैरे डॉक्टरांना विचारून घालावं लागतं. टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगतं, हे १९८७ मध्येच स्पष्ट झालेलं आहे. कांदा-लसणाचा रस्सा कधीच नको, तो मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. मांजर लठ्ठ असेल तर वजन उतरवायचं, पण आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे सहा किलोच्या बोक्याचं साठ ग्रॅम. उपाशी ठेवलेल्या लठ्ठ मांजराचं यकृत चरबीने भरतं आणि तो आजार मधुमेहाहून लवकर मारतो. संकष्टी, एकादशी माणसांनी करावी.

इथे एक सापळा आहे. इन्सुलिन चालू असताना दूधभात एका दिवसात बंद करून मांसाहार सुरू केला, तर साखर झपाट्याने उतरते आणि कालचा डोस आज जास्त ठरतो. खाणं बदलायचं ते डॉक्टरांना सांगून, हळूहळू, मोजत.

आणि शेजारी. आपल्याकडचं मांजर एका घराचं नसतं. आळीत त्याची तीन नावं असतात, एका घरी दूध, दुसऱ्या घरी माशाचं डोकं. एरवी हे सुखाचं आहे, पण इन्सुलिनवरच्या मांजराने काय आणि किती खाल्लं हे ठाऊक नसेल तर सुईचं गणित कोलमडतं. शेजारच्या काकूंना एकदा घरी बोलावून, बाटली दाखवून सांगावं. नुसतं "देऊ नका" म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं आणि दूध चालूच राहतं. त्याहून कठीण म्हणजे फिरणं. संध्याकाळी सातला टोचलेलं मांजर रात्री कौलांवर गेलं आणि अकरा-बाराला त्याची साखर पडली, तर ते पाहायला कुणी नसतं. निदान पहिले दोन-तीन महिने, डोस बसेपर्यंत, मांजर आतच हवं. ते ओरडेल, दार खरवडेल. तेवढं सोसावं.

बाटलीची काळजी आजोबांच्या बाटलीसारखीच, फक्त ती आपण किती हलगर्जीने घेतो हे बोक्यामुळे कळतं. फ्रिजचं दार सारखं उघडतं, तिथलं तापमान वर-खाली होतं. बाटली मधल्या फळीवर, डब्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नसतं. तापमान २ ते ८ अंश. बोक्याला दिवसाला दोन युनिट लागतात आणि १०० च्या दहा मिलीच्या बाटलीत हजार असतात, त्यामुळे बाटली संपण्याच्या कितीतरी आधी तिची मुदत संपते. ग्लार्जिनच्या बाटलीवर उघडल्यापासून २८ दिवस लिहिलेलं असतं. बाटली महिन्याला टाकणं जिवावर येतं, म्हणून तीन मिलीचं काडतूस परवडतं. त्यातून सिरींजने कसं काढायचं ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावं.

सांगलीकरांना पुराचं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची असताना. वीज गेली, फ्रिज बंद पडले, माणसं बोटींतून निघाली. त्या वेळी ज्यांच्याकडे इन्सुलिन होतं त्यांना थर्मासचा उपयोग कळला. बर्फ बाटलीला थेट न लागू देता, फडक्यात गुंडाळून. चैत्र-वैशाखात वीज गेली तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं बरंच काम करतं, कारण हवा कोरडी असते आणि पाणी उडताना उष्णता नेतं. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत मडक्याचा तेवढा भरवसा नाही.

आता ज्यासाठी हे सगळं जपायचं ते. साखर पडते तेव्हा मांजर डगमगतं, भिंतीला धरून चालतं, नजर हरवल्यासारखं बघतं, एकाएकी खाण्यावर तुटून पडतं किंवा कोपऱ्यात जाऊन निपचित होतं. पुढची पायरी झटके. मशीनवर ६० च्या खाली आकडा दिसला, किंवा आकडा घ्यायला वेळच नसला आणि लक्षणं ही असली, तर प्रथम खायला द्यायचं. अशा वेळी दूधभातसुद्धा चालतो. खात नसेल तर ग्लुकोजची पावडर थोड्या पाण्यात कालवून किंवा मध बोटाने हिरड्यांवर चोळायचा. सातारा जिल्ह्यात मधाची वाण नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मधात ग्लुकोज तयार स्वरूपात असतं. काकवी आणि गुळातल्या साखरेचा बराच भाग आधी पोटात फुटावा लागतो, म्हणून हाताशी दुसरं काही नसेल तरच त्या वापराव्यात. शुद्ध हरपलेल्या मांजराच्या घशात काहीही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. मांजर उठून बसलं तरी दवाखाना टाळू नये. लांब पल्ल्याचं इन्सुलिन अजून अंगात असतं आणि मधाचा जोर अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि मांजराने सकाळी तोंडच लावलं नाही तर ठरलेला डोस डोळे मिटून द्यायचा नाही. अशा दिवशी किती द्यायचं हे आधीच विचारून त्याच कागदावर लिहून ठेवावं.

दुसऱ्या टोकाचं संकट भिलवडी, पलूस, फलटणकडच्या गोठेवाल्यांना नावाने ओळखीचं आहे: किटोसिस. व्यालेली दुभती गाय चारा सोडते, तिच्या श्वासाला गोडसर वास येतो, डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात. मांजरातही तेच किटोन असतात, पण गाईची साखर खाली गेलेली असते आणि मांजराची वर. दोघांच्याही पेशींना साखर मिळत नसते, म्हणून शरीर चरबी जाळायला घेतं. गाईत साखर दुधात निघून गेलेली असते, मांजरात ती रक्तात असूनही इन्सुलिनशिवाय आत शिरत नाही. गाईचा उपाय मांजराला लावायला जाऊ नये. मधुमेही मांजराने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, ते मलूल पडलं, तर रात्र न काढता दवाखान्यात न्यावं. तिथे सलाइन आणि इन्सुलिन दोन्ही लागतं. माणसांसाठीच्या लघवीतल्या किटोनच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, त्या मांजराला चालतात.

आजोबांच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात: त्या बोक्याला नकोत. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी ग्लिफ्लोझिन गटाची दोन औषधं मंजूर झाली, तोंडाने द्यायची, दिवसातून एकदा. ही बातमी वाचून आजोबांची त्याच गटातली गोळी मोडून देण्याचा मोह होतो. ही औषधं निवडक मांजरांनाच चालतात, आणि त्यांच्यामुळे साखर ठीक दिसत असतानाही किटोन वाढू शकतात. मशीन धोका दाखवतच नाही. डोस वाढवत नेऊनही साखर हलत नसेल, मांजराचं वजन मधुमेह असून वाढत असेल, डोकं आणि पंजे थोराड होत असतील, तर दोष इन्सुलिनचा नसून मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीच्या गाठीचा असू शकतो. ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त मधुमेही मांजरांच्या पाहणीत सुमारे चारातल्या एकात ही शक्यता दिसली.

एका बाबतीत मात्र बोका आजोबांपेक्षा नशीबवान आहे. लवकर आणि नीट उपचार झाले, पीठ बंद झालं, वजन उतरलं, तर थकलेल्या पेशी सावरतात आणि पुष्कळ मांजरांचं इन्सुलिन सुटतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ मांजरांना ग्लार्जिन दिलं गेलं होतं, घरच्या माणसांनी घरीच बारकाईने मोजत. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ज्यांना ही शिस्त लागली त्यांतल्या ८४ टक्के मांजरांचं इन्सुलिन थांबलं, उशिरा लागलेल्यांत ३५ टक्क्यांचं. मांजरं थोडी होती आणि त्यांची माणसं फार चिकाटीची, हे लक्षात घेऊनही आकडा बोलका आहे. इन्सुलिन सुटायची वेळ जवळ आली की कालपर्यंत बरोबर असलेला डोस जास्त व्हायला लागतो, ८० च्या खालचे आकडे दिसू लागतात. सगळं सुरळीत चाललंय म्हणून मोजणं सोडलेल्या घरात साखर पडते ती नेमकी याच दिवसांत. डोस पाव-अर्ध्या युनिटने उतरवत डॉक्टर तो बंद करतात.

त्यानंतरही महिन्याला वजन आणि पंधरा दिवसांनी एकदा लघवीची पट्टी चालू ठेवावी, आणि दाणे परत आणू नयेत. पुढे कधी कान खाजतो, कातडी उठते म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलात, आणि त्यांनी महिनाभर टिकणारं इंजेक्शन भरायला घेतलं, तर सुई टोचण्याआधी त्यांना सांगा, की याला पूर्वी शुगर होती.